रोटर नसताना सुरू झालेली फियाट

आजवर मी या पानावर फक्त भांडायला येत होते. कुणी विहिरीतल्या आवाजाचा किंवा पाठमोऱ्या बाईचा किस्सा टाकला की खाली माझी चार परिच्छेदांची कमेंट ठरलेली. ते भांडण मी सोडलेलं नाही. भूत, आत्मा, अंगात येणं यातलं मी काहीही मानत नाही, आणि लोकांच्या भीतीवर पोट भरणाऱ्यांबद्दलची चीडही तशीच आहे. ती बाबांकडून आली. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी गावोगाव बुवाबाजीविरुद्ध पत्रकं वाटायचे. त्या पत्रकांना घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. त्यामुळे हे लिहिताना वाटतंय, मी त्यांच्याच विरुद्ध साक्ष देतेय... पण जे पाहिलं ते दडवणं त्यांना त्याहून आवडलं नसतं.

हैदराबादेत सुलतान बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं भाड्याचं घर होतं. गेटच्या आत पत्र्याची शेड, शेडमध्ये बाबांची पांढरी फियाट. मागच्या सीटवर पत्रकांचे गठ्ठे, स्टिअरिंगवर बाबा, डावीकडे आई — अशी त्यांनी तेलंगणातली किती गावं पालथी घातली, त्याचा हिशेब नाही. बाबांची एक सवय होती. आई बसून तिच्या बाजूचं दार लागल्याशिवाय ते किल्ली फिरवत नसत. "बसलीस?" विचारायचे. आई "हं, चला" म्हणाली की मगच.

दुसरी सवय — रात्री ते इंजिनातला रोटर काढून शर्टाच्या खिशात ठेवायचे. रोटर म्हणजे सुपारीहून जरा मोठा तुकडा. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखाली तो गरगर फिरतो आणि एकेका प्लगला वीज पोचवतो. तो नसेल तर इंजिन पेटूच शकत नाही. म्हणजे चोराने आणलीच किल्ली, तरी गाडी जागची हलणार नाही.

बाबा एका सकाळी अंघोळीला उठले आणि दारातच कोसळले. गाडी शेडमध्ये राहिली ती राहिलीच.

यंदा मालकाने घर पाडून इमारत बांधायला काढली. मी कुकटपल्लीला, ऑफिसजवळ, फ्लॅट बघितला. भंगारवाला म्हणाला, गाडी उचलायला क्रेन पाठवतो. तर आई शेडच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

"ओढून नाही न्यायची."

"आई, ती बंद आहे गं किती वर्षं."

"हे गेले ते चौघांच्या खांद्यावरून. गाडी तरी आपल्या चालीने जाऊ दे. तोवर मी इथून हलायची नाही. सांग मालकाला, पाड म्हणावं भिंत माझ्या अंगावर."

मालकाची माणसं तोवर शेजारचा पडका कठडा फोडायला लागली होती. आईला मी ओळखते. ती खरंच हलली नसती.

म्हणून खाजाभाईंना बोलावलं. आमच्या भागात जुन्या गाड्यांना हात लावणारे आता तेच उरलेत. बॉनेट उघडलं, तर एअर फिल्टरमध्ये उंदरांचं घरटं.

"अम्मा, इसमें तो पूरा खानदान रहरा! आपसे पूछके रहरे क्या?"

आई कित्येक दिवसांनी हसली. "पूछते तो मैं निकालती थी क्या? रहने देती थी."

पिस्टन जाम झाले होते. खाजाभाईंनी प्लग काढून आत तेल सोडलं, रात्रभर मुरू दिलं, सकाळी पुढून हँडल घालून अंगाचा जोर लावला. कुरकुरत इंजिन एकदाचं फिरलं. टाकीतल्या पेट्रोलला वार्निशसारखा वास येत होता. ते काढून ताजं भरलं, कार्ब्युरेटर धुतला, प्लग परत लावले, नवी बॅटरी लावली. मग त्यांनी डिस्ट्रिब्युटरचं टोपण उघडलं.

"रोटर कां है?"

मी वाकून बघितलं. आत नुसता उघडा दांडा. आई मटकन पायरीवर बसली.

"शर्टात," ती म्हणाली. "खुंटीवरच्या शर्टात. दिवस झाल्यावर मी त्यांचे सगळे कपडे बोहारणीला देऊन टाकले. स्टीलचा डबा घेतला त्यावर." तिने पदर डोळ्यांना लावला. "जन्मभर खिसे तपासल्याशिवाय एक शर्ट धुवायला टाकला नाही मी. त्या दिवशी मात्र खिशात हात घालवेना गं."

"कैकु रोते अम्मा? राणीगंज में मिलता ना. मैं लाके देतुं." आत धूळ जाऊ नये म्हणून खाजाभाईंनी रिकाम्या डिस्ट्रिब्युटरवर टोपण परत बसवलं आणि स्कूटरवरून गेले.

दुपारची वेळ. मी स्वयंपाकघरात काचेचं सामान वर्तमानपत्रात गुंडाळत होते. बाहेरून आवाज आला — आधी घुरघुर, मग धडधड, आणि मग ते ओळखीचं, एका लयीतलं इंजिन. वाटलं, खाजाभाई आले. हातातलं तसंच टाकून पळाले.

शेडमध्ये निळसर धूर होता. पत्र्यावरची धूळ थरथरून खाली पडत होती. उघड्या बॉनेटखाली पंखा फिरत होता. आई डावीकडच्या सीटवर बसली होती, दार लावून, हात मांडीवर. तिचे ओठ हलत होते. ड्रायव्हरची जागा रिकामी.

गेटपाशी स्कूटर थांबली. खाजाभाई हातात पुडी घेऊन उभे.

"कौन लगाया रोटर?"

"कोई नहीं."

ते पुढे झाले. तेवढ्यात आई उतरली. तिने दार हलकेच लावलं. इंजिन दोन श्वास चाललं आणि बंद पडलं. खाजाभाईंनी टोपण काढलं. आत तोच उघडा दांडा. त्यांनी बोट घालून चाचपलं, मग मलाही घालायला लावलं.

"बेटा, ये नहीं होता," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी नवा रोटर बसवला. ठिणगी येत होती, पेट्रोल येत होतं... गाडी सुरू झाली नाही. संध्याकाळपर्यंत हँडल मारलं, गल्लीतल्या पोरांनी धक्का दिला. एकदाही नाही.

आईला कसं सांगायचं, या विचारात मी होते. तर तीच म्हणाली, "भंगारवाल्याला फोन कर."

"तूच ना म्हणाली होतीस, ओढून नाही —"

"आता चालेल." ती पदराने हात पुसत होती. "मी नुसती बसायला गेले होते गं. बसले, दार लावलं, आणि सुरू झाली. मला वाटलं, निघायचंय. म्हटलं, मी नाही येत. तुम्ही व्हा पुढे, पोरीचं अजून सगळं व्हायचंय."

दुसऱ्या दिवशी क्रेनला लटकून गाडी गेली. आई आत डबे भरत होती, बाहेरही आली नाही. रस्त्यात उभी राहून रडले ती मी.

तुमचे सगळे तर्क मी आधीच करून पाहिलेत. गरम इंजिन किल्ली बंद केल्यावरही थोडं चालत राहतं — हे थंडगार होतं. किल्ली गाडीलाच होती, आईने फिरवली असेल — असेलही. पण किल्ली फिरवून रोटर उगवत नाही. तो तिथे नव्हता, हे मी आधीही पाहिलं आणि नंतरही. आणि यावरून कुणी मला आत्म्याच्या गोष्टी शिकवायला येणार असेल, तर त्याच्याशी मी आजही भांडेन.

आईला मी कुकटपल्लीच्या घरात एकदा स्पष्ट सांगितलं, "बाबा नव्हते आई. बाबांनी स्वतःच असलं काही मानलं नसतं."

तिने वाद घातला नाही. "बरं, नव्हते," म्हणाली. मग भाजी निवडता निवडता थांबली. "पण मग मी 'नाही येत' म्हटलं, ते कुणाला?"