मज्जारोथ आणि माझा भाऊ

"काई समजलं नाही," मी म्हटलं, आणि विल्सनचा श्वास अडकला. बेल दाबली, नर्सला हाका मारल्या, पाठ चोळली... काही उपयोग झाला नाही. धाकट्या भावाशी माझं शेवटचं बोलणं ते एवढंच.

भांडण नव्हतं, आमचं कामच ते होतं. विल्सन चर्चमध्ये उपदेशक. निवृत्तीनंतर त्यानं बायबल आपल्या वऱ्हाडी बोलीत आणायला घेतलं. मी चौथी शिकलेली, म्हणून त्याच्या उपयोगाची. तो ओळ वाचायचा, मी मिरच्यांचे देठ खुडत ऐकायची आणि काय समजलं ते सांगायची. "चांगलं हाय म्हणू नको वं बाई. समजलं तेवढंच सांग."

एका ओळीवर गाडी अडली. देव एका दुःखी माणसाला विचारतो, मज्जारोथ वेळेवर बाहेर काढणं तुला जमतं का? शब्द हिब्रू.

"म्हणजे काय गा?"

"तेच कोणाले पक्कं माहीत नाही. कोणी राशी म्हणते, कोणी एखादा तारा."

"मग राशी लिहून टाक."

"लोक म्हणतील, देवही पत्रिका पाहून राहिला."

"तारे लिही."

"ते आधीच्या ओळीत येऊन गेले."

"मग देवालेच विचार!"

"तोच तर विचारून राहिला ना, बाई..."

मग त्याची फुप्फुसं गेली. डॉक्टरांनी हात टेकले. घर, मुलं, कशाबद्दल बोलेना. ही ओळ तेवढी व्हावी, एवढंच. ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून वाचायचा. राशी घालून वाचली, नक्षत्रं घालून वाचली, मान हलवली. त्या दुपारी हिब्रू शब्द तसाच ठेवून वाचली आणि माझ्याकडे पाहत राहिला. मी हो म्हणावं, असं त्याला वाटत होतं, ते दिसत होतं. हो म्हटलं असतं तर त्यानं विश्वासानं तेच कायम केलं असतं. खोटं सांगायला त्यानं मला बसवलं नव्हतं. 'काई समजलं नाही' हे खरं सांगून मी त्याला काही देऊही शकले नाही.

महिन्यानं त्याच्या भाषांतराच्या कामातले एक सर घरी आले.

"मावशी, शेवटी कोणता शब्द ठरवला त्यांनी?"

"कोणताच नाही."

आता ते काहीतरी घालतील. बरोबर की चूक, मला कळणार नाही, अडवताही येणार नाही.

"त्यांनी शेवटचं वाचलं तेव्हा खोलीत ऐकायला आणखी कोणी होतं का?" त्यांनी विचारलं.

नव्हतं. आम्ही दोघंच होतो. तो सत्तरचा, मी शहात्तरची. तो गेला, मी आहे.