हुकावरची सायकल

आम्ही घोटावड्याहून निघालो त्या रविवारी आई जीपच्या मागे उभी होती. तिचं लक्ष माझ्यापेक्षा सायकलवर जास्त होतं. "पडंल गं ती," एवढंच म्हणाली. गावातच राहिलेल्या तुम्हांला ती जीप आठवत असेल. माझे वडील, आबा, ज्या ठेकेदाराकडे ड्रायव्हर होते, त्याची.

मला हडपसरच्या एका कारखान्यात टायपिस्टची नोकरी लागली होती. सोमवारी सकाळी सातला हजर व्हायचं. मी भाड्याने घेतलेल्या खोलीपासून तिकडे त्या वेळी बस नव्हती. सायकल असली तरच नोकरी, आणि नोकरी असली तरच मी एकटी तिथे राहणार, असं घरात कसंबसं ठरलं होतं.

जीपला कापडी हूड, त्यामुळे वर काही बांधता येईना. बंपर हलका. आबांनी दोन दिवस विचार करून ट्रेलर ओढायचा मागचा हूक निवडला आणि पिरंगुटच्या वेल्डरकडून त्यावर घट्ट बसणारी लोखंडी चौकट करून आणली. तिच्यावर सायकल त्यांनी बैलाच्या कासऱ्याने आवळली, गवताची बैलगाडी भरतात तशी, वजन होईल तेवढं खाली. मागचं चाक नेमकं सायलेन्सरच्या तोंडासमोर आलं. मला ते दिसलं. पण इंग्रजी शाळेच्या वसतिगृहातून परतल्यापासून मी काही सुचवलं की घरात ते शहाणपण शिकवल्यासारखं वाटायचं. मी गप्प राहिले.

भुकूमजवळ जळक्या रबराचा वास आला. उतरून पाहिलं तर टायर फुगून फाटला होता. बैलगाडीला मागून धूर येत नाही. आबांचे हात अजून त्याच सवयीचे होते.

"मला सकाळीच दिसलं होतं," मी म्हणाले.

"मग तोंडात काय धरलं व्हतंस?" आबा म्हणाले. "चल माघारी. फुडल्या आठवड्यात बघू."

तो आठवडा कधीच येणार नव्हता.

"आबा, मी माघारी येत नाही. इथे टायर मिळेल. आणि या वेळी मी बांधते."

"बांधा, वकीलबाई."

सायकलच्या दुकानात टायर बदलला, जुन्या ट्यूबच्या पट्ट्या मागून घेतल्या. सायकल चौकटीच्या वरच्या नळीवर टांगली, दोन्ही चाकं धुराच्या वाटेतून वर घेतली, हँडल वळू नये म्हणून दांड्याला बांधलं. आबांनी मदत केली नाही, अडवलंही नाही. शेवटी सायकल धरून जोरात हिसडा दिला, तर अख्खी जीप हलली. मग ते गाडीत बसले आणि पुण्याकडे निघाले. सोमवारी पावणेसातला मी गेटवर होते.

आता शिफ्ट, मेस, ओव्हरटाइम हे माझे रोजचे शब्द आहेत. माझ्यासारखे गावाबाहेर पडलेले भेटले की विचारतात, घरची आठवण येते का. येते. सुट्टी मिळाली की मी घोटावड्याची एसटी पकडते, आणि मोकळ्या मनाने जाते. त्या दिवशी आबांनी जीप माघारी वळवली असती, तर राहिले असते मी तिथेच, पण त्याला घर म्हणू शकले नसते.