‘या’ म्हणणारा माणूस

परभणीच्या दवाखान्यात पोट तपासायची दुर्बीण धुणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याचे हात कायम ओले आणि गार असायचे. तपासणी झाली की तो पेशंटला मनगट धरून दारापर्यंत सोडायचा आणि म्हणायचा, "आता येऊ नका बरं." दवाखान्यात कुणी कुणाला ‘या’ म्हणत नाही.

दादाला लिव्हरचा सिरोसिस आहे. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बांधायला त्याला गंगाखेडहून नेलं, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, "अशा पेशंटला दुर्बिणीनंतर जंतुसंसर्ग होऊ शकतो. ताप आला तर लगेच आणा." दारात त्या माणसानं दादाचं मनगट जरा जास्तच वेळ धरलं आणि म्हणाला, "या." मला वाटलं, चुकून बोलला असेल.

दुसऱ्या दिवशी दादाला हुडहुडी भरली, अंग भाजायला लागलं. दवाखान्याच्या दारात तो स्ट्रेचर घेऊनच उभा होता. म्हणाला, "कवाची वाट बघायलोय."

दादा वाचला. पण शिरा पुन्हा फुगतात, पुन्हा बांधाव्या लागतात. आता निघताना दारात आलो की मी दादाकडं न बघता त्या माणसाच्या तोंडाकडं बघतो.

परवा त्यानं दादाचं मनगट धरलं, हळूच सोडलं. ‘या’ म्हणाला नाही, ‘येऊ नका’ही म्हणाला नाही.