गेनूमामांच्या कमरेचा बटवा

"बंदूक पुसता पुसता उडाली..." एवढंच बोलून किसन माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसला. मिरजगावहून सर्व्हिस मोटारीनं तो नगरला आला होता. किसन म्हणजे माझ्या मामांचा शेजारी, दोघांच्या शेतांचा बांध एक. मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला. त्या वेळी माझ्या तोंडून निघालेला पहिला शब्द लोकांना आवडणार नाही, पण तो जसा निघाला तसा लिहितो. मी विचारलं, "असं कोण म्हणतं?"

किसननं तांब्या खाली ठेवला. "फौजदारसायब म्हनले. पंचनाम्यात तसंच लिवलंय."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मी काय म्हननार दादा... मी पंच हुतो. अंगठा दिला."

रडू मला नंतर मोटारीत आलं. आधी संशय आला आणि त्याची मला लाज वाटत नाही, कारण गेनूमामांच्या मरणाची बातमी खुद्द गेनूमामांनी ऐकली असती, तर त्यांनीही प्रथम हेच विचारलं असतं. इतका संशयी माणूस मी आमच्या जिल्ह्यात दुसरा पाहिला नाही. घोडेगावच्या बाजारात बैल घ्यायला गेले की ते आधी बैलाकडं बघतच नसत, विकणाऱ्याकडं बघत. दात पाहून झाले, चालवून झाला, बसवून उठवून झाला, की विचारायचे, "एवढा गुनाचा हाय, तर मग इकतोस कशाला?" मामी म्हणायची, "मला बगायला आलं तवाबी असंच इचारलं आसंल माझ्या बापाला." मामा गंभीरपणे म्हणायचे, "इचारलं हुतं. त्यो म्हनला, पोरगी लई बोलती म्हनून देतो." आणि मग दोघंही हसायची.

बेचाळीस साली मी कॉलेज सोडलं आणि पत्रकं लिहू लागलो. लिहायची, चक्रमुद्रित करायची, गावोगाव पोचवायची. मामांच्या कडब्याच्या गंजीत माझे गठ्ठे कितीदा लपले ह्याला गणती नाही. पण पत्रकावर त्यांनी कधी विश्वास ठेवला नाही. मी मोठ्या आवेशानं वाचून दाखवायचो, ते पान लावत ऐकायचे, आणि एखाद्या जळजळीत वाक्यावर हात वर करायचे. "भाचेबुवा, हे तुमी डोळ्यानं बगितलं का?" मी म्हणायचो, "सगळ्यांना माहीत आहे, मामा." "सगळ्यास्नी म्हाईत हाय ते ऱ्हाऊं द्या. तुमी बगितलं का?" मी चिडायचो. गठ्ठे लपवताना धोका पत्करणारा हा माणूस त्यातला मजकूर मात्र मानत नाही, म्हणजे हा नक्की कुणाच्या बाजूचा, असंही मला वाटून जाई. आज हा लेख लिहिताना त्यांचा 'तुमी बगितलं का?' हाच प्रश्न माझ्या उशाशी बसला आहे. म्हणून जे पाहिलं ते पाहिलं म्हणून लिहितो, आणि जे ऐकलं ते कुणी सांगितलं त्याच्यासकट.

लढाई संपल्यावर मामांना बंदुकीचा परवाना मिळाला. त्यांच्या ज्वारीत काळविटांचे कळप उतरत, रानडुकरं येत, आणि पीकसंरक्षणासाठी त्यांनी अर्ज केला होता. परवाना मिळाल्याचं ऐकून मी विचारलं, "सरकार शेतकऱ्याच्या हाती बंदूक देतंय? का देतंय?" मामा खूश झाले. "ह्यो आता माझा भाचा शोभला. मला बी त्योच इचार पडलाय." अशा रीतीनं दोन संशयी माणसं नगरला कॅम्पाच्या वाटेवरच्या बंदुकांच्या दुकानात शिरली. दुकानदार एक म्हातारे बोहरी शेट होते, शांत, सोनेरी टोपीतले. पॉइंट टू-टूची नवी रायफल मामांनी आधीच पक्की केली होती. आवाज बारीक, काडतूस बारीक. प्रश्न होता तो बंदुकीबरोबर काय काय घ्यायचं ह्याचा. आणि त्यात अख्खी दुपार गेली.

शेटजींनी प्रथम लाल मखमलीचं अस्तर लावलेली चामड्याची पेटी काढली. मामांनी ती उघडली, मिटली, आणि म्हणाले, "ही पेटी बगूनच चोर यायचा." पेटी बाद झाली, साधी कॅनव्हासची खोळ पसंत पडली, तीही आत नळी पुसायच्या गजासाठी लांब कप्पा आहे म्हणून. खांद्यावरचा पट्टा त्यांनी न बोलता घेतला, कारण शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढताना दोन्ही हात मोकळे हवेत. नळी पुसायला फलालीन दाखवलं, तर म्हणाले, "बायकोची जुनी लुगडी काय कमी हायती?" तेलाची डबी घेतली, पण बोटाच्या नखावर थेंब घासून, वास घेऊन. मग शेटजींनी मोठ्या झोकात दुर्बीण काढली. बंदुकीवर बसवायची, लांबचं जवळ दाखवणारी. मामांनी डोळा लावून रस्त्यापलीकडं पाहिलं. तिथं एक टांगेवाला घोड्याला पाणी पाजत होता. मामा बराच वेळ बघत राहिले... मग दुर्बीण त्यांनी हळूच गादीवर ठेवली. "नको. हिच्यातनं डोळं दिसत्यात."

गजावर मात्र खरी झटापट झाली. एक होता तीन तुकड्यांचा, पेचानं जोडायचा, खिशात मावणारा. दुसरा पोलादाचा एकसंध, लांबलचक. मी म्हटलं, "मामा, तीन तुकड्यांचा घ्या, नेआण करायला सोपा." शेटजी म्हणाले, "साहेब, जोड असला की तो नळीला आतून ओरखडे पाडतो. आणि गज घालायचा तो मागून. पुढून घातला की नळीचं तोंड झिजतं, मग नेम जातो." मामा म्हणाले, "मागनं कसा जाईल? आमच्याकडं समदे म्होरून घालत्यात." शेटजी हसले. "तुमच्याकडं असतात ठासणीच्या बंदुका. त्यांना मागून वाटच नसते. हिचं बघा." त्यांनी मागची कळ ओढली आणि पोलादाचा एक वीतभर तुकडा सरकन बाहेर काढून मामांच्या तळहातावर ठेवला. "हा बोल्ट. गोळी पेटवतो तो हा. हा काढल्याशिवाय गज मागून जात नाही, आणि हा काढला की ही बंदूक नाही. लाकूड आहे."

दुपारभरात पहिल्यांदा मामांचा चेहरा उजळला. "म्हंजी ह्यो माझ्यापाशी असला, तर बंदूक कुनाच्या बी हाती पडली तरी...?"

"तरी काठी."

मामांनी दुकानभर नजर फिरवली आणि कोपऱ्यात लटकलेला एक छोटा कातडी बटवा उचलला. कशासाठी केलेला होता कोण जाणे. बोल्ट त्यात बरोब्बर बसला. त्यांनी सदरा वर केला आणि तिथंच, शेटजींच्या देखत, बटव्याची वादी आपल्या करदोड्याला गाठ मारून बांधली. मी म्हटलं, "मामा, लोक करदोड्याला ताईत बांधतात." ते म्हणाले, "ह्यो काय कमी ताईत हाय?"

त्या दिवसापासून बटवा त्यांच्या कमरेचा सुटला नाही. माळ्यावर चढले की बोल्ट बंदुकीत, उतरायच्या आधी बोल्ट बटव्यात. बंदूक घरात खुंटीला टांगलेली असायची ती रिकाम्या पोटाची. आंघोळीला बसले की बटवा ओला व्हायचा आणि मामी बडबडायची. हे सगळं मी डोळ्यानं पाहिलं आहे. आणि हेही पाहिलं आहे, की त्या बंदुकीनं त्यांनी एकही काळवीट मारलं नाही. शेताच्या पलीकडच्या बाभळीला त्यांनी रॉकेलचा रिकामा डबा टांगला होता. कळप उतरला की ते डब्यावर गोळी झाडायचे. ठण्ण! कळप पार डोंगराच्या अंगाला. मी म्हटलं, "ह्याला रायफल कशाला? पोरं दगडानं वाजवतील." ते म्हणाले, "दगुड चुकतो. ही न्हाई चुकत."

आता जे लिहायचं आहे त्यात नावं नाहीत. मी लिहिली असती, पण संपादकांनी खोडली असती. आमच्या भागात एक इनामदार आहेत. पूर्वी ते गोऱ्या साहेबांना काळविटाच्या शिकारीला आणायचे. स्वराज्य आलं, साहेब बोटीत बसले. शिकारी बंद झाल्या का? टोप्या बदलल्या आणि लष्करातून मोडीत निघालेली एक जीप आली. कळपामागं ती उभ्या ज्वारीतून जायची. मामांनी दोनदा आडवं होऊन जीप थांबवली, आणि तिसऱ्यांदा कलेक्टरकडं अर्ज दिला. अर्ज मीच लिहून दिला होता. मी त्यात 'जुलमी' आणि 'नरराक्षस' असे शब्द घातले होते, मामांनी ते काढायला लावले. "चाकाच्या चाकोऱ्या बगितल्या तेवढ्याच लिवा." अर्जाचं उत्तर आलं नाही.

किसननं मला मोटारीत जे सांगितलं ते असं. त्या दिवशी दिवस मावळायच्या सुमाराला त्यानं तीन बार ऐकले. मोठे. "मामांच्या बंदुकीचा आवाज कसा, वाळली काटकी मोडल्यावानी. हे तसं नव्हतं दादा." तो धावत गेला तेव्हा मामा माळ्याच्या खाली पडलेले होते आणि त्याच्या आधीच तिथं माणसं उभी होती. बंदूक शेजारी होती. गज तिच्या नळीत होता.

"कुठून होता?"

"म्होरून. तोंडातनं."

किसनकडं घरची ठासणीची बंदूक होती, त्याला त्यात वावगं काहीच दिसलं नव्हतं. पंचनामा करणाऱ्यालाही दिसलं नाही. बंदूक पुसायची म्हणजे तोंडातून गज घालायचा, आमच्या मुलखात हे लहान मूलसुद्धा सांगेल. मामा सोडून. प्रेताची तपासणी झाली नाही, उघड अपघात म्हणून ते ताब्यात दिलं, आणि मी पोचण्याआधी सगळं उरकलं होतं.

मामी भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून रडली, मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "समदे म्हनत्यात बाबा, गडी हुशार पन निष्काळजी निघाला. बैलाचे दात धा डाव मोजनारा मानूस... निष्काळजी?" तिचं दुःख त्या एका शब्दाशी अडलं होतं. माणूस गेला तो गेलाच. पण आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी तिनं त्याची थट्टा केली, तीच लोक त्याच्याकडून काढून घेत होते.

मी विचारलं, "मामी, बटवा कुठं आहे?"

तिला आधी कळलं नाही. मग ती उठली. प्रेताला आंघोळ घालताना करदोडा तोडतात, तसा आमच्याकडं रिवाज आहे. भावकीतल्या माणसांनी तो कापला, आणि त्याला लोंबणारी पिशवी आत कुणी न बघता मामीकडं दिली. तिनं ती कापल्या करदोड्यासकट ज्वारीच्या कणगीत खोल घालून ठेवली होती. ओल्या कातड्याची गाठ आवळून बसली होती, मी दातानं सोडवली. आत तिच्याच हिरव्या लुगड्याची चिंधी, आणि चिंधीत तेल लावलेला बोल्ट.

मामीनं तो तळहातावर घेतला. तिला बंदुकीतलं काही कळत नाही, पण नवऱ्याची सवय कळत होती. "म्हंजी... त्यांनी काढला हुता," ती म्हणाली. "म्हंजी ते घराकडं निघाले हुते." मग दुसऱ्या दिवशी मी शेतात गेलो. माळ्यापासून बाभळीपर्यंत ज्वारीतून रुंद चाकाच्या दोन चाकोऱ्या गेल्या आहेत. त्या मी पाहिल्या. मी खून झाला असं म्हणत नाही, कारण तो मी पाहिलेला नाही. गोळी हरणाला मारलेली असेल, अंधूक उजेडात चुकली असेल. मी म्हणतो ते इतकंच, की ती गोळी कुणाचीही असो, माझ्या मामांच्या बंदुकीची नव्हती. मग मेलेल्या माणसाशेजारी बसून त्या बंदुकीत गज कुणी घातला?

तीन आठवडे कुणी फिरकलं नाही. मग एका सकाळी फौजदार आले, बरोबर एक शिपाई. मी मामांच्या वाडीवर होतो. फार सौजन्यानं बोलले. बंदूक सरकारजमा झाली आहे, वरच्या साहेबांनी तपासली, तिचा एक तुकडा कमी आहे म्हणतात. घरात कुठं पडला असेल तर बाईंनी शोधून द्यावा. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामी दाराशी आली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला.

"तुकडा कमी हाय?"

"हो. त्याच्याशिवाय बंदूक चालत नाही, बाई."

"मग उडाली कशी, सायब?"

अंगणात शिपाई होता, किसन होता, पाणी भरायला निघालेल्या दोन बाया होत्या. फौजदारांनी घड्याळ पाहिलं, "पुन्हा येऊ," म्हणाले आणि गेले. किसन जागचा हलला नाही. मग म्हणाला, "मामी, म्या अंगठा दिलाय. त्यो माघारी घेता येतो का बगतो." तो आता माझ्याबरोबर मॅजिस्ट्रेटपुढं यायला तयार आहे.

मामांची आठवण लिहा असं संपादकांनी सांगितलं आणि मी हे लिहिलं. गोड आठवणीही पुष्कळ आहेत, त्यांना घाई नाही. परवा वाडीवर गेलो तेव्हा दिवस कलला होता. बंदुकीच्या खुंटीला कातडी बटवा टांगलेला होता, रिकामा. आतला बोल्ट आता कुठं आहे हे मी इथं लिहिणार नाही, मी गेनूमामांचा भाचा आहे. मामी घरात नव्हती. शेताच्या कडेला गेलो तर ती गोफण घेऊन उभी होती, आणि पलीकडून कळप उतरत होता. पहिला दगड चुकला, दुसराही चुकला... तिसरा डब्यावर बसला.