कानातला कापूस

हसायचं नाही, आधीच सांगतो! चहा प्या गुपचूप. हा किस्सा आठवला की अजून माझे कान गरम होतात.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वाशीच्या एका शाळेत शिक्षकांचं पाच दिवसांचं प्रशिक्षण होतं. थोडं कमी ऐकू येणाऱ्या, कमी दिसणाऱ्या मुलांना नेहमीच्या वर्गात कसं शिकवायचं, हा विषय. आणि शिकवणार कोण? अस्मादिक!

पहिलाच नियम मी तावातावानं सांगितला, "फळ्याकडे तोंड करून बोलू नका! ही मुलं आपल्या ओठांवरून समजून घेतात!" सांगितला कसा? फळ्याकडे तोंड करून! हातात खडू होता ना.

शेवटच्या बाकावर म्हात्रेबाई. द्रोणागिरीकडून दोन बस बदलून यायच्या, उशीर व्हायचा, मागेच जागा मिळायची. काही विचारलं की नुसत्या हसायच्या. मला वाटलं, बाई झोपा काढतात. मग काय, रोज त्यांनाच उभं करायचो! वर त्यांच्या मूल्यमापनाच्या कागदावर शेरा मारला, 'लक्ष नसते.' त्या शेऱ्यानं त्यांचं प्रमाणपत्र अडणार आणि प्रमाणपत्राशिवाय त्या नोकरीत कायम होणार नाहीत, हे मला माहीत होतं. तरी मारला!

चौथ्या दिवशी मी सगळ्यांना कापूस वाटला. कानात घाला, कमी ऐकू येणं म्हणजे काय ते कळू दे!

"मना नको, सर," म्हात्रेबाई म्हणाल्या.

"नियम म्हणजे नियम! घाला!"

घातला बिचारीनं. मी फळ्याकडे वळलो. "सांगा म्हात्रेबाई, अशा मुलाला कुठे बसवाल?"

गप्प.

"बाई, लक्ष कुठाय?"

गप्पच. शेजारणीनं कोपरानं ढोसलं तेव्हा बाई उठल्या, पुढे आल्या आणि कापूस काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"सर, मना ल्हानपनापासून कमीच ऐकू येतं. तुमी त्वांड फिरवलाव का माजा वर्ग बंद! चार दिस नुसती तुमची पाठ बघतंय."

वर्गात कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं हो! मला इतकी लाज वाटली की मान वर होईना.

"आधी का नाही सांगितलंत?" मी जमिनीकडे बघत पुटपुटलो.

"काय बोल्लाव? वर बघून बोला ना, सर!"

संध्याकाळी बाईंसाठी नवा कागद केला, त्यावर 'उत्तम' लिहिलं. जुना फाडायला घेतला आणि थांबलो. त्यातला शेरा काही चुकीचा नव्हता. फक्त म्हात्रेबाईंचं नाव खोडलं आणि तिथे माझं लिहिलं.