बोटांची पारख

पांढुर्ण्याच्या आभाळातून विमान गेलं की प्रेमलता मान वर करून म्हणायची, "आपलं गिऱ्हाईक चाललं." बरोबरच्या बाया हसायच्या. विमानात ती कधी बसली नव्हती, बसायची हौसही नव्हती. पण गावाबाहेरच्या ज्या शेडमध्ये ती कामाला होती, तिथून सुती फडकी नागपूरला विमानं दुरुस्त करायच्या कारखान्यात जात, आणि प्रेमलताचा हात फिरल्याशिवाय एकही गठ्ठा बांधला जात नसे. तेव्हा गिऱ्हाईक तिचंच. हा तोरा तिनं वर्षानुवर्षं मिरवला आणि तिला तो शोभायचाही.

फडक्यात तपासायचं काय, असं ज्याला वाटतं त्यानं तिच्यासमोर तसं म्हणून बघायला हवं होतं. त्या फडक्यांनी इंजिनाचे भाग पुसतात. फडक्यात काही अडकलेलं असलं तर ते आत जाऊन बसतं. लोखंडाचा कण यंत्र पकडतं, पण कापसाच्या बोंडाच्या टरफलाची कपची विणीत बसली की ती यंत्रालाही सापडत नाही आणि डोळ्यांनाही दिसत नाही. ती फक्त बोटाला लागते. म्हणून प्रेमलता बांगड्या काढून ठेवायची, फडकं टेबलावर पसरायची आणि डोळे मिटून त्यावरून बोटं फिरवायची.

नव्या पोरींची परीक्षा तीच घ्यायची. दहा फडक्यांतल्या एकात कपची खोचायची आणि शोधायला लावायची. सौंसरहून रोज बसनं येणाऱ्या वृषालीला पहिल्या खेपेला ती सापडली नाही, तेव्हा पोरगी पार हिरमुसली. प्रेमलतानं तिचं बोट धरून नेमक्या जागी टेकवलं. "घाई काऊन करून राहिली? बोटाले सांगू दे." वृषालीला पुढं छान जमायला लागलं आणि मावशीचा जीव तिच्यावर जडला.

मग एकदा भाकरी परतताना प्रेमलताचं बोट भाजलं. भाजलं हे तिला अंघोळीच्या वेळी फोड दिसला तेव्हा समजलं. सौंसरच्या डॉक्टरांनी साखर तपासली, बोटांना सुई टोचून पाहिली आणि सांगितलं, साखरेनं बोटांच्या नसा गेल्यात, आहे तेवढं सांभाळा. तिनं घरी सांगितलं नाही. शनिवारी एकटीच जामसांवलीला गेली, हनुमानजींपुढं नारळ फोडला आणि सोमवारपासून पुन्हा टेबलापाशी बसली. हे बरोबर नव्हतं आणि तिला ते पुरतं ठाऊक होतं. पण त्या टेबलावरून उठल्यावर आपण कोण उरणार, हे तिला सुचत नव्हतं.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत डबा राहिला म्हणून ती आत आली. वृषाली तिच्याच गठ्ठ्यातली फडकी काढून पुन्हा तपासत होती.

"कवापासून करून राहिली हे?"

वृषालीचा हात थांबला. "पोळ्यापासून. दोनदा कपची सापडली मावशी. मी काढून टाकली. कोणाले बोलली नाई."

प्रेमलताला संताप आला, मग त्याहून जास्त लाज वाटली. ती स्टुलावर बसली. "दहा फडके घे. एकात कपची खोच. मी पाहत नाई."

वृषालीनं पाठ फिरवून फडकी लावली. प्रेमलतानं डोळे मिटले आणि एकेक फडकं सावकाश, शिकवल्यासारखं, कडेपासून कडेपर्यंत चाचपलं. दहाही झाली.

"नाई सापडली," ती म्हणाली.

"मी खोचलीच नव्हती मावशी," वृषाली घाईनं म्हणाली. "तुमचं बरोबर हाये."

क्षणभर प्रेमलताला हायसं वाटलं. तेवढ्यावर उठून जाता आलं असतं. पोरीनं तिच्यासाठी वाट मोकळी करून दिली होती. पण माया करायला ही जागा नव्हे, हे पोरीला तिनंच शिकवायला हवं होतं.

"आता खोच. माह्या डोळ्यापुढं."

वृषालीनं फडक्याच्या मधोमध कपची खोचली. प्रेमलतानं ती नीट पाहिली आणि उघड्या डोळ्यांनी तिच्यावर बोट ठेवलं. इकडून तिकडं फिरवलं. दाबलं. कपची बोटाखाली होती आणि बोटाला तिचा पत्ता नव्हता.

तिनं मालकांना हाक मारली. मोरेश्वरभाऊ हात धुऊन आत आले.

"भाऊ, माहं बोट भाजलं तवापासून माह्या हातचा जो माल गेला, तो नागपूरवाल्याईले वापस पाठवा म्हणा. माहे बोटं गेले. इथून पुढं ह्या टेबलावर हे पोरगी बसन."

मोरेश्वरभाऊंनी खिशातून फोन काढला. नागपूरचा नंबर लावत ते बाहेर गेले.

प्रेमलतानं कोपऱ्यातल्या बांगड्या उचलल्या आणि हातात चढवल्या. वृषाली रडत होती. "असं रडत बसशील तर फडके कोण पाहीन?" म्हणत तिनं पोरीचे गाल पुसले. मग हात मागं घेतला आणि पाहिलं. बोटं ओली झाली होती, ते तिला दिसलं म्हणून कळलं.