होय बाजूचं एक नाव

राजलक्ष्मी विजयकर यांनी चौतीस वर्षं विधानसभेत दुसऱ्यांचं बोलणं लिहून घेतलं आणि स्वतः तिथे एकदाही तोंड उघडलं नाही. त्या प्रतिवेदक होत्या. सभागृहातल्या टेबलाशी दहा-दहा मिनिटांच्या पाळीने बसायचं, जो जे बोलेल ते लघुलिपीत टिपायचं आणि आत जाऊन टाइप करायचं. आमदार भांडोत, गहिवरोत, शेरोशायरी करोत, आपला चेहरा कोरा. गिरगावातल्या वाडीत सगळे त्यांना राजूताई म्हणत. आज काय झालं सभागृहात, असं कुणी विचारलं की त्या म्हणत, "उद्या पेपरात येईल की!"

वाडीतलाच धनेश पेडणेकर आमदार झाला तेव्हा मात्र त्यांनी घरोघरी पेढे वाटले. धनेशची आई तो सातवीत असताना गेली. तेव्हापासून निबंध दाखवायला म्हणून तो राजूताईंकडे यायचा तो जेवूनच जायचा. सभागृहातल्या पहिल्या भाषणाआधी तो त्यांच्याकडे आला तो घाम पुसतच.

"मावशी, माझी तर बोबडी वळणार."

"एक वाक्य पुरं कर, श्वास घे, मग दुसरं. तू धडाधड बोललास तर लिहिणारीचे हाल होतात."

दुसऱ्या दिवशी तो तसाच बोलला. ते भाषण राजूताईंच्या पाळीत आलं. टाइप करताना त्यांना दोनदा चष्मा पुसावा लागला.

त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले असताना एक विधेयक आलं. शाळा बंद पडली असेल तर तिच्यासाठी राखलेली जागा दुसऱ्या कामाला देता यावी, असं त्यात होतं. वाडीच्या मागची पालिकेची मराठी शाळा त्याच वर्षी बंद झाली होती. एरवी विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात, कोण काय ओरडलं ते देव जाणे. त्या दिवशी विरोधकांनी मतविभागणी मागितली आणि एकेकाचं नाव नोंदलं गेलं. धनेशचं नाव 'होय' बाजूला आलं. राजूताईंनी ते लिहिलं आणि पुढचं नाव ऐकायला कान दिला.

तीन वर्षांनी निवडणूक लागली. वरच्या मजल्यावरची मधुरा धनेशचं पत्रक घेऊन आली. तिची ऋग्वेदा पहिलीत होती. मराठी शाळेसाठी पावणेसातची बस पकडून दादरला जायची, तेही अर्ध्या झोपेत.

"राजूताई, यात लिहिलंय, 'बंद शाळेसाठी सभागृहात लढलो.' लढला असेल ना हो? तुम्ही तर तिथेच होतात."

राजूताईंनी पत्रक ठेवून घेतलं. आठवणीच्या भरवशावर कुणाचं नाव घेणं त्यांना जमणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या विधानमंडळाच्या ग्रंथालयात गेल्या. तीन दिवस बसून त्यांनी धनेशच्या पाच वर्षांचं कामकाज वाचून काढलं, हव्या त्या पानांच्या झेरॉक्स घेतल्या.

शनिवारी सकाळी धनेश स्वतःच दारात उभा. "मावशी, उद्या वाडीत सभा आहे. ज्येष्ठ नागरिक म्हणून तुमचा सत्कार करायचाय. दोन शब्द बोलायचे हां!"

"बोलेन. पण तुला आवडणार नाहीत," म्हणत त्यांनी मतविभागणीच्या पानाची झेरॉक्स पुढे केली.

धनेशने वाचलं. 'होय' बाजूच्या आपल्या नावावर त्याने बोट ठेवलं. "पक्षाचा व्हिप होता मावशी. विरोधात गेलो असतो तर आमदारकी गेली असती."

"मला ठाऊक आहे रे. मग तेच सांग लोकांना. लढलो म्हणून कशाला सांगतोस?"

"असं सांगून कोण निवडून येतं?"

"ते मला नाही कळत. पण मी उद्या बोलणार. तुझ्या पाठीमागे बोलण्यापेक्षा आधी तुला सांगितलेलं बरं."

त्यांनी पोह्यांची बशी पुढे केली. धनेश तिला हातही न लावता उठला. राजूताई त्या दिवशी दुपारी जेवल्या नाहीत.

रविवारी तो सत्कार रद्द करील असं त्यांना वाटलं होतं. त्याने केला नाही. शाल अंगावर घेऊन त्या माइकपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी हातातले कागद उलगडले. आधी त्यांनी धनेशचं चांगलं वाचलं. किती दिवस हजर होता, जुन्या चाळींच्या दुरुस्तीवर किती प्रश्न विचारले, कोणत्या प्रश्नामुळे वाडीतली पाण्याची लाइन बदलली. टाळ्या पडल्या. मग त्यांनी विधेयकाचा क्रमांक आणि तारीख सांगितली.

"या विधेयकावर धनेश पेडणेकर यांनी 'होय' असं मत दिलं. चर्चेत ते एक शब्दही बोलले नाहीत. आपली शाळा पुन्हा उघडायची असेल तर ती जागा राहायला हवी. पत्रकात लिहिलंय ते कामकाजात कुठे नाही. मी शोधलं."

"म्हातारीला कोणी चढवलंय!" मागून एक कार्यकर्ता ओरडला. कुणीतरी माइकची वायर खेचायला धावलं.

"ए, हात लावू नको!" धनेशचा आवाज आला. "बोलू दे त्यांना."

राजूताईंचं बोलून झालंच होतं. त्या खाली येऊन मधुराशेजारी बसल्या आणि मग त्यांना रडू आलं. मधुराने त्यांचा हात घट्ट धरला. धनेश नंतर वीस मिनिटं बोलला, पण शाळेचं नाव त्याने काढलं नाही. पुढच्या पत्रकात ती ओळ नव्हती.

तो निवडून आला, पण गेल्या वेळच्या निम्म्याहून कमी मताधिक्याने. विजयाची मिरवणूक वाडीत आली तेव्हा गुलालाने माखलेला धनेश एकटाच जिना चढून राजूताईंकडे आला, वाकून पाया पडला.

"रागावलात ना माझ्यावर?"

"रागावले होते. तू?"

"मी पण," तो म्हणाला. दोघंही हसले. या वेळी त्याने चहा घेतला.

पुढच्या अधिवेशनात त्याने शाळेच्या जागेवर प्रश्न विचारला. मंत्र्यांनी माहिती घेऊन सांगतो, असं उत्तर दिलं. मधुराने मोबाइलवर राजूताईंना ते दाखवलं.

"म्हणजे काही झालंच नाही ना?" मधुरा हिरमुसली.

"प्रश्न नोंदला गेलाय," राजूताई म्हणाल्या. "आता उत्तर आलं का, हे दर अधिवेशनात तू जाऊन बघायचं. चल माझ्याबरोबर सोमवारी, ग्रंथालयात कुठलं कपाट ते दाखवते."